नर्सी ते घुमान : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ



आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर चहाची एक टपरी आहे. मध्यंतरी एके दिवशी तेथे नर्सीकडचे एक वृद्ध वारकरी भेटले. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. चहा येईपर्यंत त्यांनी मनातली गोष्ट काढली. "सर, एकदा घुमानाला जायचं मनात हाय. पर रेल्वेत दोन दोन दिवस बसवत नाही आता. इमानानं अमृतसर किती लांब हाय?"

मी प्राध्यापकी थाटात सांगितले, "आबा, नांदेडच्या विमानतळापासून अमृतसरचा विमानतळ सुमारे चौदाशे दहा किलोमीटर."

आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "ते किलोमीटर तुमच्या वहीत ऱ्हाऊ द्या. सकाळी घरून निघालो तर नामदेवाच्या पायाशी कव्हा पोचतो, तेवढं सांगा."

मी क्षणभर गप्प झालो. कारण त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. आपल्या खेड्यापाड्यांत अंतर सांगण्याची जुनी रीतच अशी आहे. "जवळच आहे, दोन विड्यांचा रस्ता" किंवा "उन्हे कलायच्या आत पोचाल" असे आपण सांगतो. शहरातला माणूस त्याला हसतो. पण जाणाऱ्याला जे कळायला हवे ते या रीतीत नेमके सांगितलेले असते. अंतर एक गोष्ट आहे, ते तोडायला लागणारा वेळ दुसरी. या दोहोंची गल्लत केली म्हणजे काय होते, ते माझ्या हातून घडलेल्या एका चुकीच्या निमित्ताने पुढे सांगणारच आहे. तूर्त आबांच्या वाटेनेच जाऊ.

नर्सी हे आपल्या हिंगोली तालुक्यातले गाव. संत नामदेव महाराजांचा जन्म येथला, असे परंपरा मानते. त्यांचा काळ इसवी सन १२७० ते १३५० असा धरला जातो. उत्तर आयुष्यात ते पंजाबात गेले, व गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन घुमानला भरले, डॉ. सदानंद मोरे त्याचे अध्यक्ष होते, आणि महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या भरभरून माणसे तिकडे गेली. तेव्हापासून आपल्या भागातल्या पुष्कळांच्या मनात घुमानची ओढ आहे.

हिंगोली जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ नाही. जवळचा तो नांदेडचा, श्रीगुरुगोबिंदसिंगजी विमानतळ. २००८ साली गुरुतागद्दीची त्रिशताब्दी झाली, त्या निमित्ताने तो नव्याने बांधून काढला गेला. घुमानला जवळचा विमानतळ अमृतसरचा. म्हणजे नामदेवांच्या दोन गावांमधले अंतर विमानाने मोजायचे तर नांदेड व अमृतसर हेच दोन खुंट धरावे लागतात.

आता हे चौदाशे दहा किलोमीटर आले कोठून? कोणी साखळी घेऊन मोजायला गेले नव्हते. शिक्षक बंधूभगिनींनी येथे फळा व खडू घ्यावा, कारण सातवी-आठवीच्या मुलांनाही जमेल असे हे गणित आहे.

नांदेडचा विमानतळ १९ अंश ११ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश १९ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अमृतसरचा ३१ अंश ४२ मिनिटे उत्तर व ७४ अंश ४८ मिनिटे पूर्व. वजाबाकी केली तर उत्तर-दक्षिण फरक येतो साडेबारा अंशांचा, आणि पूर्व-पश्चिम फरक अडीच अंशांचा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचे ३६० भाग केले म्हणजे एक अंश होतो सुमारे १११ किलोमीटरांचा. साडेबारा गुणिले १११, म्हणजे जवळजवळ १,३९० किलोमीटर. इतके आपण उत्तरेला सरकलो.

पूर्व-पश्चिम अंशांचे मात्र तसे नाही. संत्र्याच्या फोडी डोळ्यांसमोर आणा. फोड मध्ये रुंद असते व दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाते. रेखांशांचेही तसेच. विषुववृत्तावर एका अंशाचे १११ किलोमीटर होतात, पण नांदेड व अमृतसर यांच्या मधोमध, म्हणजे साडेपंचवीस अक्षांशावर, ते १०० किलोमीटरच भरतात. अडीच अंशांचे झाले २५० किलोमीटर. आता एक काटकोन त्रिकोण काढा. उभी बाजू १,३९०, आडवी बाजू २५०. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे १,४१०. हाच तो कर्ण, आणि विमान चालते ते या कर्णावरून. पायथागोरसाचा सिद्धान्त परीक्षेपुरताच असतो असे मानणाऱ्या मुलांना हे उदाहरण अवश्य घालावे.

(खरे म्हणजे पृथ्वी गोल असल्याने हा त्रिकोण अगदी सपाट नाही. पण एवढ्या अंतराला त्याने पाच-दहा किलोमीटरांपलीकडे फरक पडत नाही. फार लांबच्या अंतराला पडतो, आणि चांगलाच पडतो. त्याकडे पुढे येऊ.)

वैमानिकांची एक मौजेची गोष्ट सांगतो. ते किलोमीटर वापरीत नाहीत, सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट, १.८५२ किलोमीटर. म्हणून त्यांना नकाशावरून अंतर काढणे फार सोपे जाते. साडेबारा अंश म्हणजे साडेसातशे मिनिटे, म्हणजेच साडेसातशे सागरी मैल. त्यांना १११ चा पाढा लागत नाही.

हेच अंतर रेल्वेने किती होते पाहा. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस निघते ती परभणी, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करीत, पुढे भुसावळ, भोपाळ, दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर अशी अमृतसरला जाते. म्हणजे उत्तरेला जायचे म्हणून निघालेली गाडी आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते व मग वळते. सारे मिळून २,००० किलोमीटरांहून अधिक. विमानाच्या जवळपास दीडपट! सकाळी निघालेली ही गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचते. आबा "दोन दोन दिवस" म्हणाले ते काही खोटे नव्हते.

आणि पायी? कोस सुमारे तीन किलोमीटरांचा धरला तर दोन हजार किलोमीटरांचे साडेसहाशेच्या वर कोस झाले. दिंडी रोज आठ कोस चालली आणि कोठे एक दिवसही थांबली नाही, तरी अडीच महिन्यांहून अधिक लागतील. नद्यांचे पूर, आजारपण, कीर्तनाला कोणी आग्रहाने ठेवून घेणे, हे त्यात धरलेले नाही.

आता वेळेकडे वळू. प्रवासी जेट विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटर किंवा थोडे अधिक वेगाने जाते. १,४१० ला ८०० ने भागा. पावणेदोन तास आले. पण विमान सुटल्या क्षणापासून ८०० च्या वेगाने जात नाही. धावपट्टीच्या टोकापर्यंत ते बैलगाडीसारखे डुलत जाते, मग धावते, मग दहा-अकरा किलोमीटर उंची गाठेपर्यंत त्याचा वेग कमी असतो. उतरताना पुन्हा तोच प्रकार. यासाठी अर्धा-पाऊण तास धरावा लागतो. म्हणून उत्तर सव्वादोन ते अडीच तास. पंख्यांचे लहान विमान असले तर त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास, तेव्हा तेच अंतर सव्वातीन तासांचे होते. अंतर तसूभर बदलले नाही, पण वाहन बदलल्याने वेळ बदलला.

एअर इंडियाने २०१७ च्या डिसेंबरात अमृतसर ते नांदेड अशी थेट सेवा सुरू केली होती. ती कायम टिकली नाही. विमानांची वेळापत्रके हंगामागणिक बदलतात, एखादी सेवा सुरू होते, दुसरी बंद पडते. म्हणून ज्याला जायचे असेल त्याने त्या त्या वेळी चौकशी करावी. थेट विमान नसले तर दिल्ली, मुंबई किंवा हैदराबाद येथे उतरून दुसरे घ्यावे लागते, आणि मग सारा दिवस त्या मधल्या विमानतळावरच्या खुर्चीत जातो. हवेत घालवलेल्या वेळेपेक्षा खुर्चीत घालवलेला वेळ अधिक, असे पुष्कळदा होते.

एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी की, विमानाची वाट आकाशात असली तरी ती मोकळी असतेच असे नाही. अमृतसर हे सीमेवरचे शहर. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी अमृतसरसह उत्तरेकडचे अनेक विमानतळ काही दिवस बंद होते. त्या दिवसांतही नांदेड-अमृतसर अंतर १,४१० किलोमीटरच होते. वेळ मात्र कोणालाच सांगता आला नसता.

येथवर झाले देशातल्या देशात. पण हल्ली आपल्या भागातली मुले फार लांब जातात. वसमत-कळमनुरीकडच्या एखाद्या घरात चौकशी करावी तर थोरला पुण्यात आणि धाकटा अमेरिकेत, असे ऐकू येते. म्हणून मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर पाहू.

शाळेत जगाचा जो नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, त्यावर मुंबई व न्यूयॉर्क यांना पट्टी लावून रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. मुलांना वाटते, विमान असेच जात असेल. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून धरा. पाहा काय होते! दोरा सरकत सरकत उत्तरेला जातो. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, मग नॉर्वे, मग आइसलँड, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून तो कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळची वाट. ही वाट भरते सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशावरची सरळ दिसणारी रेघ धरून विमान गेले असते तर त्याला १४,००० किलोमीटरांच्या वर उडावे लागले असते. कागदावर जे सरळ दिसते ते गोलावर वाकडे असते, आणि गोलावरचे सरळ कागदावर वाकडे दिसते. हे तोंडाने सांगून मुलांना पटत नाही. दोऱ्याने पटते. गोलावर किलोमीटर कसे काढायचे हेही सोपे आहे. त्याच दोऱ्याने विषुववृत्ताचा घेर मोजावा, तो ४०,००० धरावा, आणि मग त्रैराशिक मांडावे.

(जाता जाता एक गोष्ट. हा दोरा गोलाच्या पाठीवरून गेला. पोटातून सळई आरपार घातली तर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेदहा हजार किलोमीटरच भरेल. विमानाला ती वाट नाही, पण ती वाट धरणारे काहीतरी आहे, आणि ते टिपण्याची वेधशाळा आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात होत आहे. लायगो-इंडिया या नावाच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात लाटा उठतात, आणि त्या प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीच्या आरपार निघून जातात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लाट प्रथमच पकडली गेली, ती अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत. त्या दोहोंत सरळ अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. लाट एकीकडे पोचल्यावर दुसरीकडे पोचायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचे सात भाग लागले. एवढ्याशा वेळावरून ती आकाशाच्या कोणत्या बाजूने आली याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. वेधशाळा एकमेकींपासून जितक्या लांब तितका अंदाज नेमका, म्हणून औंढ्याचे महत्त्व. असो.)

विमानाकडे परत येऊ. थेट विमान असले तर मुंबईहून न्यूयॉर्कला सुमारे सोळा तास लागतात, आणि तिकडून येताना एखादा तास कमी. वाट तीच, मग असे का? वरच्या आकाशात, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. हिवाळ्यात तर तो फारच जोर धरतो. इकडे येणाऱ्या विमानाच्या तो पाठीशी असतो, तिकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. नदीत पोहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पूर्वी एवढा पल्ला एका दमात गाठणारी विमानेच नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका लहानशा विमानाने निघाले, तेव्हा अहमदाबादला तेल घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरेपर्यंत दुपार झाली होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले, तेही कैरो व जिनीव्हा येथे थांबत. आज वाट मध्ये तुटत नाही. पण ती लांबते. २०२५ च्या एप्रिलअखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. ताणलेला दोरा मध्येच खिळा ठोकून बाजूला ओढावा, तसे ते झाले.

आता ती चूक सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच एम. ए. होऊन गावी आलो होतो. गावात त्यावेळी फोन एकच, तोही एका किराणा दुकानात. पौषाचे दिवस होते. एका मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास आमच्या आळीतले एक गृहस्थ वारले. त्यांचा एकुलता एक मुलगा न्यूयॉर्कजवळ नोकरीला. कोणी हिंगोलीला जाऊन त्याला कळवले. संध्याकाळी सहाला दुकानात त्याचा फोन आला : "आज रात्री नऊच्या विमानाने निघतो, लंडनमार्गे. मुंबईपर्यंत वीस तास धरा. मी आल्याशिवाय अग्नी देऊ नका." एवढे बोलून फोन तुटला.

लोक माझ्याकडे आले. गावात शिकलेला मी. मी कागदावर हिशेब मांडला. रात्रीचे नऊ अधिक वीस तास, बुधवारी संध्याकाळी पाचला मुंबई. तेथून मोटारीने तेरा तास. गुरुवारी सकाळी सहाला, दिवस उगवता उगवता, मुलगा दारात. सर्वांना हायसे वाटले. हिंगोलीहून बर्फाच्या लाद्या आणल्या. थंडी होती, तेव्हा दोन रात्री निघतील असे जाणत्यांनी ठरवले.

गुरुवारी सूर्य उगवला. आठ वाजले, नऊ वाजले. माणसे वेशीपाशी जाऊन येत. बर्फ संपला होता. पाहुणे परगावचे, सारे खोळंबलेले. त्या मुलाची आई दर थोड्या वेळाने मला विचारी, "सर, दिवस उगवायला येतो म्हणला होता ना तुम्ही?" बारा वाजता जाणत्यांनी निर्णय घेतला. आणखी थांबणे शक्यच नव्हते. पुतण्याने अग्नी दिला.

मुलगा आला दिवेलागणीला, साडेसहाच्या सुमारास. मोटारीतून उतरून तो थेट नदीकडे गेला.

माझे चुकले होते ते इतकेच की, त्याचे "रात्रीचे नऊ" मी आपल्या घड्याळातले नऊ धरले. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. जगाच्या निरनिराळ्या भागांत सूर्य निरनिराळ्या वेळी उगवतो, म्हणून घड्याळेही निरनिराळी. आपले भारतीय घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आहे, ते ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे चालते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच तास मागे. एकूण फरक साडेदहा तासांचा. (उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा साडेनऊचा.) त्याचे मंगळवारचे रात्रीचे नऊ म्हणजे आपली बुधवारची सकाळची साडेसात. तेथून वीस तास म्हणजे गुरुवारी पहाटे साडेतीन. त्यात विमानतळावरची कागदपत्रे, सामान, सारे मिळून दोन तास, तेही मी धरले नव्हते. साडेपाचला निघून तेरा तासांनी, संध्याकाळी साडेसात नव्हे, बरोबर साडेसहा. तो अगदी वेळेवर आला होता. त्याने पहाटे चारला मुंबईहून फोनही केला होता. पण दुकान बंद होते.

मी खरी वेळ सांगितली असती तर काय झाले असते? नांदेडहून शीतपेटी आणता आली असती का, किंवा बुधवारीच सर्व उरकून घेतले असते का, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवले आहे. निदान त्या माऊलीने सहा तास वेशीकडे डोळे लावून काढले नसते. त्या घरातल्या कोणी मला कधी शब्दाने बोलले नाही. ते अधिक जड जाते.

तेव्हापासून मी वर्गात एक उदाहरण दरवर्षी घालतो. विमान मुंबईहून रात्री एक वाजता निघते, आणि हिवाळ्यात सकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला उतरते. तिकिटावर दोन्ही वेळा छापलेल्या असतात. मुले पटकन म्हणतात, साडेपाच तास! प्रत्यक्षात ते सोळा तास असतात. आणि उलट येताना तिकडून रात्री नऊला निघालेले थेट विमान दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला मुंबईस येते. मुले म्हणतात, साडेपंचवीस तास! प्रत्यक्षात असतात पंधरा. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची. पावशेर व किलो यांची वजाबाकी आपण तशीच करतो का? शिक्षकांना विनंती आहे की, हे उदाहरण सातवीच्या पुढे कोठेही बसते, तेव्हा बसवावे. कोणत्या मुलाला ते कोणत्या रात्री लागेल, सांगता येत नाही.

घुमानला जाताना मात्र ही भानगड नाही. नांदेडचा सूर्य अमृतसरच्या सूर्याच्या दहा मिनिटे पुढे असतो, कारण रेखांशात अडीच अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे. पण साऱ्या देशाचे घड्याळ एक असल्यामुळे मनगटावरचे काटे फिरवावे लागत नाहीत.

पुढच्या आठवड्यात आबा पुन्हा टपरीवर भेटले. मी या खेपेला कागद घेऊनच गेलो होतो. म्हटले, "आबा, थेट विमान असेल त्या दिवशीचा हिशेब ऐका. नर्सीहून पहाटे पाचला निघा. साडेसातला नांदेडचा विमानतळ. तेथे दोन तास आधी हजर राहावे लागते, झडती होते, सामान तोलतात. साडेनऊला विमान सुटले तर बाराच्या आत अमृतसर. सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास. तेथून घुमान पन्नास-साठ किलोमीटर, दीड तासाची वाट. दुपारी सव्वादोनला तुम्ही नामदेवाच्या पायाशी."

आबांनी बोटांवर मोजले. "म्हंजी सव्वानऊ तास. त्यातलं इमानात किती?"

"सव्वादोन ते अडीच."

"आन् बाकीचं सगळं जमिनीवरच की! मग दशम्या बांधून घ्याव्या लागतील." मग थोडे थांबून म्हणाले, "इमानात दशम्या खाऊ देत्यात का, सर?"

मी सांगितले की कोरड्या दशम्या बिनदिक्कत न्याव्यात.